साहेब इटलीस जातो

इ. स. १६०८ च्या मे महिन्यात ऑडकम नावाच्या इंग्लिश खेड्यातला एक तिशीचा गृहस्थ डोव्हर बंदरात गलबतावर चढला आणि फ्रान्समार्गे इटलीस गेला. त्याचे नाव टॉमस कोरियट. बाप गावच्या चर्चचा धर्मोपदेशक, आदल्याच वर्षी निवर्तलेला. मुलगा ऑक्सफर्डला जाऊन ग्रीक-लॅटिन शिकलेला, पण पदवी न घेताच परतलेला. युवराज हेन्रीच्या परिवारात विद्वान आणि विदूषक यांच्या मधली कुठलीशी जागा त्याने मिळवली होती. इटलीत त्याला व्यापार करावयाचा नव्हता की कोणा राजाची वकिली करावयाची नव्हती. त्याला फक्त पाहावयाचे होते. पाच महिन्यांत सुमारे दोन हजार मैलांचा फेरा, त्यातला पुष्कळसा पायी, करून तो घरी आला; ज्या जोड्यांनी ही मजल मारली ते गावच्या चर्चमध्ये त्याने टांगून ठेवले, आणि १६११ मध्ये एक जाडजूड पुस्तक छापले. बेन जॉन्सन आणि जॉन डन यांच्यासारख्या कवींनी त्या पुस्तकाला प्रास्ताविक पद्ये लिहून दिली. पण ती बहुतेक सारी लेखकाची टिंगल करणारी आहेत, आणि लेखकाने ती आनंदाने छापली आहेत! असा हा माणूस.

साहेबाची नजर आपल्या परिचयाची आहे; पण ती आपल्यावर रोखलेली. गॅझेटियरांतून, आठवणींतून, मडमांच्या पत्रांतून आपण कसे दिसतो हे आपण पिढ्यान्‌पिढ्या वाचीत आलो आणि मनातल्या मनात चडफडत आलो. हीच नजर इटलीकडे वळली होती तेव्हा ती कशी होती, तिने काय टिपले, आणि ज्यांना टिपले त्यांनी काय उत्तर दिले, हे पाहण्यासारखे आहे. सरकारी नोकरीच्या निमित्ताने परप्रांती राहून 'हे लोक असे आणि ते लोक तसे' अशी पत्रे घरी धाडणाऱ्या आम्हां मंडळींना तर विशेषच.

कोरियटला इटलीत सर्वांत मोठे नवल वाटले ते जेवणाच्या काट्याचे. इटलीतल्या ज्या ज्या गावातून तो गेला तिथे तिथे लोक एका हातातल्या सुरीने मांस कापताना दुसऱ्या हातातल्या काट्याने ते दाबून धरीत. ताटाला बोट लावीत नसत. सर्वांसाठी मांडलेल्या पात्रातल्या मांसाला एखाद्याने अनवधानाने बोट लावलेच तर इतर जण त्याच्याकडे डोळे वटारून पाहत, शब्दांनी नाही तरी नजरेने त्याला लाजवीत. असे का, म्हणून त्याने चौकशी केली. उत्तर मिळाले की सगळ्यांचीच बोटे काही सारखी स्वच्छ नसतात. कोरियटने स्वच्छ लिहून ठेवले आहे की ही रीत इतर कुठल्या देशात त्याने पाहिली नाही.

मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे. ज्यांच्या नातवंड-पणतवंडांनी पुढे आमच्या हाताने जेवण्याला नाके मुरडली, ते लोक १६०८ साली सामाईक पात्रात हात घालून जेवीत होते आणि काटा पाहून चकित होत होते. पण केवळ हसण्यासाठी ही गोष्ट मी सांगत नाही. इटालियन माणसाने जे कारण दिले ते आपल्या आजीला ताबडतोब पटले असते. वाढलेल्यात बोट घालू नये, दुसऱ्याच्या ताटाला शिवू नये, वाढणाऱ्या हाताने खाऊ नये, हा उष्ट्या-खरकट्याचा विचार आणि व्हेनिसच्या सराफाचा विचार मुळात एकच. त्याने धातूचे हत्यार मधे घातले, आपण उजवा-डावा हात वाटून घेतला. कोरियटला हा विचार परका होता, म्हणून त्याला हत्यार दिसले.

मात्र त्याने पुढे जे केले त्याबद्दल त्याला मानले पाहिजे. त्याने तो काटा उचलला. इटलीत, जर्मनीत आणि परत आल्यावर घरीही तो काट्यानेच जेवू लागला. त्याच्या एका विद्वान मित्राने त्याला भर पंगतीत 'फुर्किफेर' म्हणून हाक मारली. या लॅटिन शब्दाचा शब्दशः अर्थ काटा बाळगणारा. पण रोमन लोक तो फाशीच्या लायकीच्या बदमाशाला लावीत. पाचच वर्षांनी, १६१६ मध्ये, बेन जॉन्सनच्या एका नाटकात इटलीहून आलेल्या काट्यांचा आणि त्यांमुळे वाचणाऱ्या हातरुमालांचा उल्लेख थट्टेने येतो. म्हणजे लंडनच्या प्रेक्षकांना काटा तोपर्यंत ऐकून ठाऊक झालेला होता. दुसरी वस्तू छत्री. इटलीतले घोडेस्वार चामड्याची, आतून कमट्या लावलेली छत्री उन्हासाठी धरतात, असे कोरियट लिहितो. ती वस्तू इंग्लंडात रुळायला मात्र फार वेळ लागला. अठराव्या शतकाच्या मध्यावर जोनास हॅनवे नावाचा गृहस्थ लंडनच्या रस्त्यांतून छत्री घेऊन जाऊ लागला तेव्हाही लोक त्याची टर उडवीत. पावसाच्या देशाने उन्हाच्या देशाकडून छत्री घ्यावी आणि तीही दीडशे वर्षे का-कू करून, ही मौज आहे.

व्हेनिसमध्ये कोरियट सहा आठवडे राहिला. तिथे त्याने एक नाटक पाहिले. नाटकगृह लंडनच्या मानाने अगदीच दरिद्री होते, पण रंगमंचावर स्त्रियांची कामे स्त्रियाच करीत होत्या. असे त्याने आयुष्यात कधी पाहिले नव्हते. त्या स्त्रिया पुरुष नटांइतक्याच सहजतेने वावरल्या, असे त्याने नमूद केले आहे. इंग्लिश रंगभूमीवर स्त्री उभी राहावयास १६६० साल उजाडले. शेक्सपिअरच्या हयातीत लिहिलेले हे वाक्य बालगंधर्वांच्या आठवणी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला उलगडून सांगावे लागत नाही. कलेतले नवल कुठल्या बाजूने पाहावे हे सवयीवर ठरते.

कोरियटच्या आधीही इंग्रज इटलीत जात होतेच. सोळाव्या शतकात राजकारण, वैद्यक, घोडेस्वारी, पट्टा फिरवणे, सारे शिकण्याची जागा म्हणजे इटली. पण परत आलेल्या मुलांकडे वडीलधारी मंडळी संशयाने पाहत. राणी एलिझाबेथचा शिक्षक रॉजर अ‍ॅस्कम याचे १५७० मध्ये प्रसिद्ध झालेले शिक्षणविषयक पुस्तक इटलीच्या वाऱ्याला लागलेल्या तरुणांविरुद्ध कडक इशारे देते. इटलीत गेलेला मुलगा धर्माने कॅथलिक होऊन येईल, नाही तर कुठल्याच धर्माचा राहणार नाही, ही खरी भीती.

धर्माच्या या भेदाने तारखाही वेगळ्या केल्या होत्या. पोप तेरावा ग्रेगरी याने १५८२ मध्ये पंचांग सुधारले. त्या वर्षी इटलीत ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर उगवला. पोपने सांगितलेले गणित बरोबर असले तरी पोपचे, म्हणून इंग्लंडने ते १७५२ पर्यंत स्वीकारले नाही. परिणामी पावणेदोनशे वर्षे प्रत्येक इंग्रज प्रवासी आल्प्स ओलांडून इटलीत उतरला की दहा दिवस, आणि १७०० नंतर अकरा दिवस, पुढे जाई आणि घरी परतला की तितकेच मागे येई. पत्रांवर दोन-दोन तारखा घालाव्या लागत.

तारखेपेक्षाही घड्याळाने प्रवाशांना अधिक पिडले. इटलीत दिवस सूर्यास्ताला, बहुधा सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने, सुरू होई आणि तिथून एक ते चोवीस असे तास मोजीत. त्यामुळे ऐन मध्यान्ह कधी किती वाजता येईल याचा नेम नसे: उन्हाळ्यात सोळाच्या सुमारास, थंडीत एकोणीसच्या सुमारास. खिशातले लंडनचे घड्याळ निरुपयोगी होई. इंग्रज प्रवाशांनी या पद्धतीला तऱ्हेतऱ्हेची नावे ठेवली. जर्मन कवी गटे १७८६ मध्ये व्हेरोनाला आला तेव्हा त्याने निमूटपणे बसून एक कोष्टक तयार केले आणि ही पद्धत तिथल्या लोकांच्या स्वभावाशी कशी जुळते ते समजावून घेतले. पद्धत मुळीच वेडगळ नव्हती. घड्याळात वीस वाजले की शेतातल्या किंवा पेठेतल्या माणसाला न सांगता कळे की उजेडाचे चारच तास उरले. सूर्योदयापासून घटका मोजणाऱ्या पंचांगात वाढलेल्या आपल्याला यात चमत्कारिक काहीच वाटू नये. आपण उगवतीपासून मोजले, त्यांनी मावळतीपासून. पुढे नेपोलियनच्या फौजांबरोबर फ्रेंच घड्याळ आले आणि जुनी गणना हळूहळू लोपली. फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चमध्ये पाओलो उच्चेल्लोने १४४३ मध्ये रंगवलेली तबकडी मात्र अजून शाबूत आहे. तिच्यावरचा काटा उलट्या दिशेने फिरतो आणि चोविसाव्या तासाला सूर्यास्त दाखवतो.

अठराव्या शतकात इटलीचा प्रवास हा खानदानी इंग्रज मुलाच्या शिक्षणाचा शेवटचा धडा ठरून गेला. बरोबर एक शिक्षक, एक नोकर, हुंड्या आणि ओळखपत्रे घेऊन हे तरुण दोन-दोन, तीन-तीन वर्षे हिंडत. पुस्तकांचा तर पाऊस पडला. त्यातल्या बहुतेकांविषयी न लिहिले तरी चालेल. जोसेफ अ‍ॅडिसनने १७०५ मध्ये छापलेल्या पुस्तकात नदी दिसली की लॅटिन कवींतले त्या नदीवरचे उतारे येतात. नदीकाठी धुणे धुणारी बाई क्वचितच. टोबायस स्मॉलेट हा कादंबरीकार आणि डॉक्टर. प्रकृती ढासळलेली, एकुलती मुलगी वारलेली. त्याला खानावळी, गाडीवान, ढेकूण, चित्रे, पुतळे, काहीच पसंत पडले नाही. त्याच्या १७६६ च्या पुस्तकावरून लॉरेन्स स्टर्नने त्याला 'स्मेलफंगस' असे नाव ठेवून जन्माचे हास्यास्पद केले. पण हाच स्मॉलेट पुन्हा इटलीत गेला, लिव्होर्नोजवळ घर करून राहिला, आणि १७७१ मध्ये तिथल्याच मातीत विसावला. शेवटी राहायला माणूस कुठे जातो हीदेखील एक टीपच म्हणावयाची.

त्याच १७६६ साली सॅम्युअल शार्प नावाच्या लंडनच्या नामांकित शल्यवैद्याचे 'इटलीहून पत्रे' प्रसिद्ध झाले. शार्पही आजारी माणूस, हवापालटासाठी गेलेला. त्याची सर्वांत मोठी तक्रार 'चिचिस्बेओ' या रिवाजाबद्दल. इटलीतल्या वरच्या थरातली विवाहित स्त्री नाटकाला, फिरायला, कधी चर्चलाही नवऱ्याबरोबर न जाता ठरलेल्या एका दुसऱ्या गृहस्थाबरोबर जाई. तो तिचा पंखा सांभाळी, शाल खांद्यावर घाली, गाडीत चढताना हात देई. नवऱ्याला हे ठाऊक असे, आणि तो स्वतः दुसऱ्या कोणाच्या बायकोची अशीच तैनात करीत असे. शार्पने यातून निष्कर्ष काढला की या देशात पातिव्रत्य नावाची वस्तूच नाही आणि कोणा बापाला आपली मुले आपली वाटत नाहीत. याखेरीज आळस, अस्वच्छता, अंधश्रद्धा हे नेहमीचे कलम होतेच.

आजवर जे झाले नव्हते ते आता झाले. उत्तर आले, आणि ते इंग्लिशमध्ये आले.

उत्तर देणारा जुसेप्पे बारेत्ती हा १७१९ मध्ये तुरिनला जन्मलेला लेखक. १७५१ मध्ये तो लंडनला आला, इटालियन शिकवून पोट भरू लागला, डॉक्टर जॉन्सनच्या मंडळीत वावरू लागला. १७६० मध्ये त्याने इटालियन-इंग्लिश कोश काढला. त्याची अर्पणपत्रिका जॉन्सनने लिहून दिली होती. शार्पचे पुस्तक वाचून तो पेटला आणि १७६८ मध्ये त्याने इटलीच्या चालीरीतींवर दोन खंड छापले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: ज्याला आमची भाषा येत नाही, ज्याच्याजवळ ओळखपत्रे नाहीत, ज्याचे पोट बिघडलेले आहे आणि जो खानावळवाले व गाडीवान यांच्यापलीकडे कोणाशी बोललेला नाही, तो माणूस आमच्या घरातल्या बायकांविषयी लिहितो कशाच्या आधारावर? आणि इटली म्हणून एकच एक देश तरी कुठे आहे? पिएमोंटचा माणूस वेगळा, व्हेनिसचा वेगळा, नेपल्सचा त्याहून वेगळा. हा शेवटचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. परका माणूस 'ते लोक' म्हणतो तेव्हा ज्यांना तो एका गाठोड्यात बांधतो ते एकमेकांना ओळखतही नसतात. दिल्लीत दक्षिणेतल्या साऱ्यांना 'मद्रासी' म्हणणारे आणि आम्हांला सरसकट 'बम्बईवाला' म्हणणारे शेजारी ज्यांना लाभले आहेत त्यांना अधिक सांगावयास नको.

परंतु बारेत्तीचे सगळेच उत्तर खरे होते काय? तसे म्हणवत नाही. चिचिस्बेओचा रिवाज म्हणजे पेत्रार्कच्या काळापासून चालत आलेले शुद्ध, अशारीर प्रेम, असे तो ठासून सांगतो. वाचणारा मनात म्हणतो, काही घरी असेलही. सगळ्या घरी नसावे. आणि गंमत अशी की हाच बारेत्ती तीन वर्षांपूर्वी व्हेनिसमध्ये 'साहित्याचा चाबूक' या अर्थाच्या नावाचे नियतकालिक काढून आपल्याच देशातल्या लेखकांना फोडून काढीत होता. टोपणनावही त्याने बैलांचा खाटीक अशा अर्थाचे घेतले होते. त्याचे फटके इतके लागले की १७६५ मध्ये व्हेनिसच्या सरकारने ते नियतकालिक बंद पाडले. घरी असताना ज्याने घरच्यांची साल काढली, तोच परदेशी बसून घरच्या प्रत्येक खिडकीला पडदा लावू लागला.

मला बारेत्तीचा राग येत नाही. काही वर्षांपूर्वी माझी बदली लखनौस झाली होती. एके दिवशी दुपारच्या चहाच्या वेळी कचेरीतल्या एका तिथल्याच सहकाऱ्याने मोठ्या अदबीने विचारले की, आपल्या पुण्यात म्हणे आलेल्या पाहुण्याला 'आपण चहा घेऊनच आला असाल' असे म्हणतात, ते खरे काय? मंडळी हसली. मी हसलो नाही. मी पंधरा मिनिटे व्याख्यान दिले. काटकसर आणि कृपणता यांतला भेद, मध्यमवर्गाची ओढाताण, स्पष्टवक्तेपणाची थोर परंपरा, सारे सांगितले. चहा निवला. सहकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतले आणि माझ्यासाठी दुसरा कप मागवला. रात्री खोलीवर आल्यावर आठवले की हीच गोष्ट मी स्वतः पुण्यात, सदाशिव पेठेतल्या मित्रांच्या समोर, हातवारे करून कितीदा सांगितली होती. तीत खोटे काय होते? काहीच नव्हते. फक्त सांगणारा दुसरा होता. त्या सहकाऱ्याचे ऋण माझ्यावर राहिले ते राहिलेच. आमची बदली झाली आणि ती गोष्ट मी त्याला कधी सांगितली नाही.

असो. बारेत्तीच्या गोष्टीला पुढे फार वेगळे वळण लागले. १७६९ च्या ऑक्टोबरात रात्री हेमार्केटजवळून जाताना एका रस्त्यावरच्या बाईशी त्याची बाचाबाची झाली, दोन-तीन पुरुष धावून आले, बारेत्ती पळाला, त्यांनी पाठलाग केला, आणि त्याने खिशातला फळे कापायचा लहान चाकू काढून वार केले. त्यातला एक जण मेला. ओल्ड बेलीच्या न्यायालयात खुनाचा खटला उभा राहिला. परदेशी आरोपीला निम्मे पंच परदेशी मागण्याचा हक्क त्या काळी कायद्याने होता. बारेत्तीने तो नाकारला; आपला न्याय इंग्रजांनीच करावा म्हणाला. शार्पविरुद्ध दोन खंड लिहिणाऱ्या माणसाने हे म्हणावे, यात त्याचा पीळही दिसतो आणि विश्वासही. साक्षीला जॉन्सन, बर्क, गोल्डस्मिथ, रेनॉल्ड्स, गॅरिक असे लोक उभे राहिले. चाकू बाळगणारा इटालियन ही तर इंग्लंडात जुनीच कल्पना. तेव्हा सभ्य माणसाच्या खिशात चाकू कशासाठी, हा प्रश्न निघणारच होता. बारेत्तीने सांगितले की फ्रान्समध्ये खानावळीत मेजावर फक्त काटा मांडतात, चाकू ज्याचा त्याने आणावयाचा असतो. नटश्रेष्ठ गॅरिकला विचारले, परदेशी जाताना आपणही असा चाकू नेता काय? नेतो, नाही तर उपाशी राहावे लागेल, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. स्वसंरक्षण मानून पंचांनी बारेत्तीला सोडले. कोरियटने नवल म्हणून लिहिलेली ती जेवणाच्या मेजावरची रीत दीडशे वर्षांनी अशी एका माणसाच्या गळ्याशी येऊन ठेपली होती. या वेळी ती समजावून सांगायला इंग्रज मित्र होते, हे त्याचे नशीब.

बारेत्ती ज्यांच्या घरी मुलीला इटालियन शिकवीत असे त्या श्रीमती हेस्टर थ्रेल या जॉन्सनच्या मैत्रीण. धनाढ्य नवरा १७८१ मध्ये वारला आणि १७८४ मध्ये त्यांनी गाब्रिएल पिओत्सी या इटालियन गायकाशी, मुलीच्या संगीतशिक्षकाशी, लग्न केले. लंडनमध्ये हलकल्लोळ झाला. गवई, परदेशी आणि वर कॅथलिक! जॉन्सनने एक अत्यंत कठोर पत्र धाडून जुना स्नेह तोडला. आणि बारेत्ती? इटालियन माणसाची बाजू घेऊन ज्याने लंडनशी भांडण केले होते त्यानेच १७८८ मध्ये एका मासिकातून या बाईंवर अतिशय हीन टीका केली. देशाचा अभिमान आणि माणसांविषयीचा न्याय या दोन गोष्टी नेहमी एकाच खिशात असतात असे नाही.

बाई मात्र नवऱ्याबरोबर इटलीत जाऊन जवळजवळ तीन वर्षे राहून आल्या आणि १७८९ मध्ये त्यांनी जे पुस्तक छापले ते या साऱ्या पसाऱ्यात मला सर्वांत जिवंत वाटते. कारण साधे आहे. त्या खानावळीतून पाहत नव्हत्या, घरातून पाहत होत्या. मिलानमध्ये जेवणाच्या वेळी मागे उभा असलेला नोकर मालकाच्या बोलण्यात निम्मा भाग घेतो, मालकाचे एखादे विधान पटले नाही तर सरळ 'ओइबो!' म्हणतो (आपल्याकडच्या 'छे छे!'सारखा उद्गार), आणि मालकाला त्यात काही वावगे वाटत नाही, हे पाहून त्यांना प्रथम धक्का बसला. इंग्लंडात मालक-नोकर एका छपराखाली राहत, पण नोकराने तोंड उघडणे म्हणजे नोकरी गमावणे. लोक हसतील ही जी भीती इंग्रज माणसाला जन्मभर पुरते ती इटालियनांच्या गावीही नसते, हेही त्यांनी टिपले आहे. शार्प आणि हेस्टरबाई या दोघांना दिसलेले लोक तेच होते. शार्पने ज्याला निर्लज्जपणा म्हटले असते त्याला बाईंनी निष्कपटपणा म्हटले.

चिचिस्बेओचे पुढे काय झाले? तो रिवाज एकोणिसाव्या शतकात विरत गेला. पण विरण्यापूर्वी त्याने एका इंग्रज उमरावाला पकडले. रावेन्नामध्ये काउंटेस तेरेसा ग्विच्चोलीच्या प्रेमात पडलेल्या लॉर्ड बायरनला तिथल्या रिवाजाप्रमाणे तिचा सेवक बनावे लागले, आणि १८२० च्या सुमारास त्याने एका मित्राला कळवले की शालीची घडी घालण्याचा सराव चालू आहे, अजून नीट जमत नाही. शार्प हयात असता तर त्याला काय वाटले असते!

चार्ल्स डिकन्स १८४४ मध्ये बायकामुलांसह जेनोव्हात राहिला. १८४६ मध्ये त्याचे पुस्तक आले. नेपल्सच्या रस्त्यावर तो मनसोक्त रमतो ते लोकांच्या हातांकडे पाहत. भिकारी हनुवटीवर बोटे आपटतात, म्हणजे भूक लागली आहे. मासळी घेणारा भाव ऐकून बंडीचा रिकामा खिसा उलटा केल्याचा आविर्भाव करतो आणि एक शब्द न बोलता चालू लागतो. दोघे भांडतात तर एक जण एका हाताच्या पाठीवर दुसरा तळहात ठेवून अंगठे हलवतो. हे गाढवाचे कान. डिकन्सला हे सारे मुकाभिनयाचे नाटक वाटले. त्याच्या आधी, १८३२ मध्येच, नेपल्सच्या आंद्रेआ दे योरिओ या धर्मोपदेशकाने या हातवाऱ्यांवर भलामोठा ग्रंथ लिहून उत्खननात सापडलेल्या प्राचीन चित्रांतले हातवारे आणि रस्त्यावरचे हातवारे यांचा मेळ घातला होता. प्रवाशाला जी गंमत होती, ती गावच्या पंडिताला हजारो वर्षांची भाषा होती.

मग आगगाडी आली आणि टॉमस कुक आला. १८६४ मध्ये त्याने पहिल्यांदा पर्यटकांचे तांडे इटलीत नेले: कारकून, शिक्षक, दुकानदार, अविवाहित बायका. माझ्यासारख्यांना इटली दिसण्याची सोय प्रथम या माणसाने केली, म्हणून मला त्याच्याविषयी आपलेपणा वाटतो. तसा तो स्पेत्सियातल्या ब्रिटिश उपवकिलाला, चार्ल्स लीव्हर या कादंबरीकाराला, वाटला नाही. लीव्हरने १८६५ मध्ये एका मासिकात टोपणनावाने या पर्यटकांवर आग पाखडली. इतकेच नव्हे, तर आपण इटालियन लोकांना काय सांगून ठेवले आहे तेही त्याने मोठ्या खुशीत छापले: ऑस्ट्रेलियातल्या वसाहती आता कैदी घेत नाहीत, म्हणून इंग्लंडचे सरकार ते इटलीत आणून थोडे थोडे सोडून देत आहे, आणि पुढे चालणारा तो कुक म्हणजे त्यांचा तुरुंगाधिकारी! कुकने परराष्ट्रमंत्र्याकडे तक्रार नेली. अडीचशे वर्षे इटालियनांची खोड काढण्यात गेल्यावर आता इंग्रजाला इटलीत सर्वांत असह्य वाटू लागला तो दुसरा, कमी पगाराचा इंग्रज. आपल्या वसाहतींतली राजपत्रित आणि अराजपत्रित यांच्या गणपतीउत्सवांची कथा येथे आठवते, पण ती नको.

कोरियटला मात्र मी वाटेतच सोडला, आणि त्याची उरलेली वाट आपल्याच देशातून जाते. काट्यावरून हसे झाल्यावर तो घरी बसला नाही. १६१२ मध्ये तो पुन्हा निघाला. कॉन्स्टँटिनोपल, जेरुसलेम करून अलेप्पोला आला आणि तिथून इराणमार्गे पायी चालत १६१५ मध्ये अजमेरला पोहोचला. अलेप्पो ते अजमेर या दहा महिन्यांच्या चालीत आपले तीनच पौंड खर्च झाले, असे त्याने अभिमानाने लिहिले आहे. वाटेत तो तुर्की आणि फारसी शिकला, इथे येऊन हिंदुस्तानी शिकला. जहांगीर बादशहाच्या झरोक्याखाली उभे राहून त्याने फारसीत भाषण केले आणि बादशहाने वरून शंभर रुपये टाकले. इंग्लंडचा राजदूत सर टॉमस रो यामुळे संतापला. एका इंग्रजाने असा हात पसरल्याने देशाची अब्रू गेली म्हणाला. कोरियटने त्यालाही सडेतोड जबाब दिला.

राजदूताच्या बिऱ्हाडी एक धोबीण होती. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत तिचे तोंड चालू, आणि सारे बिऱ्हाड तिला भिऊन असे. राजदूताचा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी याने लिहून ठेवले आहे की एके दिवशी सकाळी कोरियटने तिला तिच्याच भाषेत घेतली आणि आठ वाजेपर्यंत ती अशी गप्प झाली की तिच्यापाशी शब्द उरला नाही. सात वर्षे परप्रांती काढून भाजीवालीशी अजून खुणांनी व्यवहार करणारा मी हा उतारा जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा तेव्हा मला मत्सर वाटतो. १६१७ च्या डिसेंबरात तो आजारी अवस्थेत सुरतेस आला. तिथल्या इंग्रज व्यापाऱ्यांनी मायेने त्याला विलायती मद्य पाजले, त्याने अतिसार बळावला आणि तो गेला. त्या वेळी ऑडकमच्या चर्चमध्ये त्याचे इटलीचे जोडे टांगलेलेच होते.